बर्फातलं पाणी

ऑस्गुड सरांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि नेलियानं लिहिलेलं ‘आनंदाने स्वीकारते’ एकेक अक्षर करत पुसून टाकलं.

“आठवडाभराची मुदत माग,” ते म्हणाले. “त्यात वावगं काही नाही. सगळेच मागतात.”

“पण सर, शुक्रवारपर्यंत कळवा म्हणून लिहिलंय त्यांनी.”

“लिहितात गं. लिहायचं म्हणून लिहितात.”

पोर्तुगीज गवळ्याची मुलगी नेलिया बेटनकोर्ट उंच स्टुलावर बसून पडद्यावरच्या रिकाम्या ओळीकडे बघत राहिली. ती चीजच्या कारखान्यातून थेट आली होती. कपाळावर टोपीच्या जाळीचा वळ अजून होता. सकाळी सहा ते बारा टँकरमधून आलेल्या दुधाचं फॅट लावायचं आणि दुपारी या दोन वर्षांच्या कॉलेजात फिजिक्स शिकायचं, असं तिचं तिसरं वर्ष चाललं होतं. काम सांभाळून शिकणाऱ्यांना दोनाची तीन-साडेतीन वर्षं लागतातच. वय चोवीस. वर्गातली पोरं तिला विनोदानं मावशी म्हणत.

पत्र डोंगरातून आलं होतं. सिएरा पर्वताच्या माथ्याजवळ, साडेआठ हजार फुटांवर, पाच माणसांचं एक लहानसं संशोधन केंद्र होतं. जमिनीत पुरलेल्या यंत्रांनी तिथे बर्फातलं पाणी मोजत. आकाशातून न्यूट्रॉन सतत बरसत असतात. वरच्या बर्फात पाणी जितकं जास्त, तितके खालच्या यंत्रापर्यंत पोचणारे न्यूट्रॉन कमी. ते मोजायचे आणि त्यावरून सांगायचं की यंदा खाली खोऱ्यात किती पाणी उतरणार. नेलियानं हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती जेवायची थांबली होती. वडिलांच्या गोठ्यावरची बोअर दोन वर्षांपूर्वी आटली होती, आणि या डोंगरात काय साठलंय हे कुणीतरी असं बसून मोजतंय, हे तिला माहीतच नव्हतं. केंद्राच्या प्रमुख ट्रूक्सबाईंचे सगळे लेख तिनं हिवाळाभर वाचून काढले. कळेना तिथे समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहिले, आणि त्यातलेच पाच प्रश्न अर्जात घातले. उन्हाळ्याच्या दहा आठवड्यांसाठी बाईंना एकच विद्यार्थी हवा होता. त्यांनी नेलियाला निवडलं होतं.

पण तिचा आणखी एक अर्ज खाडीजवळच्या मोठ्या प्रयोगशाळेत पडून होता. तो सरांच्या आग्रहावरून केलेला.

“बर्फ मोजायला फिजिक्स कशाला लागतं?” सर म्हणाले. “फूटपट्टी लागते. तिथे, त्या प्रयोगशाळेत, नुसतं फाटकातून आत जायला लोक जन्मभर धडपडतात. तुझं होणार आहे. मला ठाऊक आहे. मी फोन केलाय.”

“कुणाला?”

“आहेत ओळखीचे.”

तरुणपणी सर तिथे एक वर्ष होते. मग ते या खोऱ्यात शिकवायला आले आणि सत्तावीस वर्षं इथेच राहिले. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर विद्यार्थ्यांचे फोटो होते: कुणी पूल बांधत होतं, कुणी विमानाच्या कारखान्यात होतं, एक मुलगी हेल्मेट घालून पवनचक्कीवर चढलेली. मोठ्या प्रयोगशाळेच्या फाटकासमोर उभं राहिलेलं मात्र कुणी नव्हतं.

नेलिया या कॉलेजात आली होती दूध-तपासणीचं प्रमाणपत्र घ्यायला. सक्तीचा म्हणून घेतलेल्या फिजिक्सच्या पहिल्या परीक्षेनंतर सरांनी तिला थांबवून घेतलं होतं, आणि मग अख्खं सत्र, न मागता, दर गुरुवारी तिला कॅल्क्युलस शिकवलं होतं. त्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे तिला कळत नव्हतं. आणि ‘तुझं होणार आहे’ हे ऐकताना तिला बरं वाटलं नव्हतं, असंही नाही.

सरांनी दोन ओळी टाइप केल्या. ‘पाठवा’वर बोट मात्र तिनंच ठेवलं.

दार खांद्यानं ढकलत तेयो आत आला. तेयो कमाचो तिचा तीन सत्रांपासूनचा प्रयोगातला जोडीदार. घरचे सगळे बदामाच्या बागांत कामाला, आणि तोही ऑगस्टमध्ये झाडं हलवायचं यंत्र चालवायचा. हातात गोड पावांची कागदी पिशवी होती.

“काय चाललंय? पोर्तुगालशी तह?” त्यानं विचारलं. “चालू द्या, चालू द्या. मी बाहेर पहारा देतो.”

“बस गप,” नेलिया म्हणाली.

“डोंगराला हो कळवलंस ना?”

“मुदत मागितली.”

तेयो पिशवी ठेवता ठेवता थांबला. डोंगराच्या यादीत दुसरं नाव त्याचं होतं, हे तिघांनाही माहीत होतं.

“का?”

“तिला मोठी प्रयोगशाळा मिळणार आहे,” सर म्हणाले.

“मिळाली?”

“मिळणार आहे.”

“अच्छा,” तेयो म्हणाला, आणि पिशवी उघडून त्यानं आधी सरांपुढे धरली.

ट्रूक्सबाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. रस्ता मोकळा झाल्याबरोबर कामाला लागावं लागतं, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या पुढे थांबता येणार नाही. तुमची अडचण समजते. शेवटी एक ओळ होती: तुमच्या अर्जातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून आमच्याकडेही नाही.

“दबाव आणतायत,” सर म्हणाले. “पाच माणसांचं केंद्र. ऐट बघ.”

शुक्रवारी जादा पाळी संपवून साडेचार वाजता नेलिया कारखान्याच्या आवारात गाडीत बसून होती. काच बंद, मांडीवर फोन. तिनं सरांना फोन लावला.

“सोमवारी निकाल आहे,” सर म्हणाले. “नेलिया, दोन दिवसांसाठी कच खाऊ नकोस.”

तिनं फोन उताणा शेजारच्या सीटवर ठेवला. टँकरवाला जाता जाता हात करून गेला. पाच वाजले, पाच-दहा झाले. मग तिनं गाडी सुरू केली.

शनिवारी सकाळी तेयो गोठ्यावर आला. नेलिया वासरांना बाटलीनं दूध पाजत होती. तो कुंपणाशी उभा राहिला, टोपी काढून परत घातली.

“मला पत्र आलंय.”

“येणारच होतं.”

“मी अजून काही कळवलं नाही. तुला जायचं असेल तर मी नाही म्हणतो. दोघं मिळून बाईंना फोन करू. बाई भल्या वाटतात.”

“दया दाखवायला आलायस?”

“दया कसली डोंबलाची! ते सगळं तू वाचलंयस. मला न्यूट्रॉन विचारशील तर मी सांगेन, असतो बाबा कुठेतरी.”

वासरानं बाटली ओढली. नेलियानं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“घे तू,” ती म्हणाली. “माझं दुसरीकडे होतंय.”

“नक्की?”

“नक्की म्हटलं ना.”

 मग आत येऊन त्यानं दुसरी बाटली उचलली आणि शेवटच्या कप्प्यातल्या वासराला पाजायला लागला.

मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र सोमवारी नाही, त्यानंतर अकरा दिवसांनी आलं. चार ओळींचं होतं. अर्ज फार आले होते, असं त्यात लिहिलं होतं.

सरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मूर्ख आहेत,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी परत टाकू.”

तिचं शेवटचं सत्र डिसेंबरात संपत होतं; पुढच्या वर्षी ती या कॉलेजात नसणार होती, आणि तो अर्ज फक्त अशा कॉलेजांतल्या मुलांसाठी होता.  दाराशी गेल्यावर मात्र ती वळली.

“सर, तुम्ही फोन कुणाला केला होता?”

सर फळ्याखालच्या पट्टीतले खडू नीट लावत होते.

“निवृत्त झालाय तो,” ते म्हणाले. “गेल्याच वर्षी. मला कल्पना नव्हती.”

“मग फोनवर कोण बोललं?”

“कुणीतरी बोललं. निरोप देतो म्हणाले.”

मे महिन्याच्या अखेरीला भिंतीवर तेयोचा फोटो लागला. पाठीवर सामान, मागे डोंगर, आणि तोंडभर हसू.

तो उन्हाळा खोऱ्यात फार वाईट गेला. जूनपासूनच पारा एकशे आठ फॅरनहाइटच्या खाली येईना. नेलियानं कारखान्यात दुपारची पाळीही घेतली. प्रयोगशाळेत निदान गारवा होता. नमुन्याची बाटली घ्यायची, हलवायची, यंत्राच्या नळीखाली धरायची, आकडा लिहायचा. दिवसाला दोनशे बाटल्या. यंत्राचा आकडा तिला आधीच ओळखता यायला लागला होता, दूध बाटलीच्या काचेवरून कसं घसरतं ते बघून. एकदा तिनं हे पाळीवरच्या बाईला बोलून दाखवलं.

“मग यंत्र कशाला ठेवलंय?” ती बाई म्हणाली. “तुलाच ठेवू की भिंतीला टेकवून.”

तेयो डोंगरावरून फोटो पाठवायचा. जुलैतला बर्फ. बॅटऱ्या पाठीवर घेऊन चढणारी माणसं. ट्रूक्सबाई, कानटोपी घातलेल्या, जमिनीत हात खांद्यापर्यंत घालून काहीतरी शोधणाऱ्या. पहिले दोन-तीन नेलियानं पाहिले. पुढचे तिनं उघडले नाहीत; ‘मस्त’ एवढंच लिहून पाठवत राहिली.

रविवारी जेवताना वडील म्हणाले, “तो कमाचोचा पोरगा तिकडे बर्फ मोजतो म्हणे. विचार की त्याला, आपल्या वाटणीला किती येणार?”

“तसं नसतं ते, बाबा.”

“मग कसं असतं?”

तिनं सांगायला तोंड उघडलं. न्यूट्रॉनचं, हवेचं, बर्फाचं सगळं तिला येत होतं. मग तिनं सॉसेजचं ताट त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, “तो आला की विचारा त्यालाच.”

सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी तेयो कारखान्यावर आला. उन्हानं तोंड रापलं होतं, चष्म्याच्या जागी मात्र पांढरे गोल होते. मागच्या बाजूला सावलीत बाक होता, तिथे तिची जेवणाची सुट्टी चालायची. त्यानं लॅपटॉप तिच्या मांडीवरच ठेवला.

“शनिवारी विद्यापीठात मांडायचंय. आपल्यासारख्या कॉलेजांतली पोरं, आपापलं पोस्टर लावून उभं राहायचं, आणि मोठी मोठी माणसं येऊन सोलणार. उद्या रात्रीपर्यंत छापायला द्यायचंय. जरा डोळ्याखालून घाल ना.”

“बाईंनी नाही बघितलं?”

“बाईंना कुठला वेळ? ऑगस्टमध्ये पलीकडच्या दरीत वणवा लागला. सगळी यंत्रं खणून काढत होतो आम्ही. त्या म्हणाल्या, कुणाला तरी जाणकाराला दाखव. म्हटलं, आपल्या मावशीहून जाणकार कोण आहे? हे तुला जेवढं कळतं तेवढं मला दहा आठवडे तिथे राहून कळलं नाही. खरं सांगतो.”

नेलियानं सँडविच कागदात परत गुंडाळलं आणि पडदा स्वतःकडे वळवला.

फेब्रुवारीतला एक आठवडा होता. आलेखाची रेघ सरळ चालली होती आणि मधेच वर चढत होती, पाठीवर कुबड यावं तशी. त्या आठवड्यात आकाश निरभ्र होतं, बर्फ पडला नव्हता, तरीही बर्फातलं पाणी वाढलेलं दिसत होतं. खाली तेयोनं लिहिलं होतं: वाऱ्यानं उडून आलेला बर्फ साठला असावा. तिनं पान खाली सरकवलं. पुढच्या तक्त्यात हवेच्या दाबाचे आकडे होते. त्याच आठवड्यात तेही तसेच चढले होते, आणि तसेच उतरले होते.

तिला कळायला एक मिनिटही लागलं नाही: ते कुबड बर्फाचं नव्हतं, दाबाचं होतं. हे तिनं हिवाळ्यात वाचलं होतं; समासात लिहिलेल्या प्रश्नांतला दुसरा याच्याबद्दलच होता.

तेयो बाकावरून वाकून तिला फोटो दाखवत होता. “हे बघ, हे यंत्र मी पुरलं. एकट्यानं. इथे गुडघ्याएवढा बर्फ होता, जुलैत! आणि इथून, हे बघ, आपलं खोरं दिसतं सगळं. धूसर. पण दिसतं. मी रोज संध्याकाळी इथे बसायचो.”

फोटोत तो बर्फात बसला होता, कुणीतरी काढलेल्या त्या फोटोत खोरं खरंच दिसत होतं.

“काय म्हणतेस?” त्यानं विचारलं. “काही चुकलंय?”

नेलियानं लॅपटॉप हळूच बंद केला, दोन्ही बाजूंनी दाबून.

“छान आहे,” ती म्हणाली.

“खरंच?”

“छान आहे म्हणतेय ना. दे छापायला.”

तेयोनं श्वास सोडला आणि तिच्या गुंडाळलेल्या सँडविचमधून अर्धं मोडून घेतलं. “आता भूक लागली बघ,” तो म्हणाला.

बुधवारी सांगता आलं असतं. बुधवारी वर्गात सरांनी सगळ्यांसमोर तेयोच्या पाठीवर हात ठेवला. “आपल्या कॉलेजचं नाव यानं आठ हजार फूट वर नेलं,” ते म्हणाले, आणि वर्ग हसला. नेलियाही हसली. सर तिच्या बाजूला वळले नाहीत. उन्हाळ्याच्या विषयावर ते तिच्याशी बोलायचे थांबलेच होते. घरी आल्यावर तिनं फोनवर तेयोच्या नावापुढे ‘दाबाचं चिन्ह’ असे दोन शब्द लिहिले. मग आईनं हाक मारली म्हणून ती उठली. परत येऊन तिनं ते दोन शब्द पुसले. आईनं मारलेली हाक काही महत्त्वाची नव्हती, टेबल लावायचं होतं.

गुरुवारी सकाळी तेयोचा निरोप आला: छापून आलं!

शनिवारी तिघं तेयोच्या ट्रकमधून निघाले. सरांची गाडी दुरुस्तीला होती. पुढच्या एकाच लांब सीटवर तिघं बसले, मधे नेलिया, आणि पोस्टरची नळी तिच्या गुडघ्यांमधे. सरांनी टाय बांधला होता. दोन तासांच्या रस्त्यात त्यांनी तेयोकडून भाषण तीनदा म्हणवून घेतलं.

विद्यापीठाच्या दालनात ओळीनं फळे मांडले होते. तेयो आणि नेलियानं पोस्टर उलगडलं. तिनं खालचे कोपरे धरले, त्यानं वर टाचण्या मारल्या. मग ती मागे सरकली आणि तिनं ते पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. शीर्षकाखाली तीन नावं होती. तेयो कमाचो. ट्रूक्सबाई. आणि तिसरं, नेलिया बेटनकोर्ट.

“हे काय?”

“नाव आहे तुझं. वाचता येत नाही?” तेयो हसत होता. “बाईंना फोन केला होता. म्हटलं, हिनं सगळं तपासलंय. त्या म्हणाल्या, मग घालायलाच हवं. त्यांना तू आठवतेस. म्हणाल्या, ती प्रश्नवाली मुलगी ना?”

“तेयो, ऐक...”

“रडू नको हं इथे. सर बघतायत.”

“तेयो, त्या आलेखात...”

पण तेवढ्यात सर दोघांना बाजूला करत पुढे आले. त्यांच्याबरोबर पांढऱ्या मिशांचा एक उंच माणूस होता, गळ्यात परीक्षकाची पट्टी. तेयोनं शर्ट सारखा केला आणि बोलायला सुरुवात केली. तो चांगला बोलत होता. डोंगराचं, यंत्राचं, खोऱ्याचं त्यानं इतकं सरळ सांगितलं की शेजारच्या फळ्यापाशी उभे असलेले दोघे-तिघे ऐकायला वळले.

परीक्षकानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कुबडावर बोट ठेवलं.

“बर्फ पडला नाही, आणि पाणी वाढलं?”

“वाऱ्यानं उडून आलेला बर्फ असावा.”

“वारा मोजला होता?”

“नाही.”

“दाबाची दुरुस्ती?”

“ती केलीय.”

“कुठल्या दिशेनं?”

 तेयो नेलियाकडे वळला, अगदी निर्धास्तपणे. “हिनं तपासलंय ते,” तो म्हणाला. “ही सांगेल.”

परीक्षक तिच्याकडे बघायला लागला. सरही. ‘माझ्या लक्षात आलं नाही’ असं म्हणणं सोपं होतं. दोघं मिळून चुकले असते. तिचे हात तिनं पाठीमागे नेले.

“चिन्ह उलटं पडलंय,” ती म्हणाली. “निरभ्र आठवड्यात दाब चढलेला असतो. हवाच जास्त, म्हणून न्यूट्रॉन कमी पोचले. दुरुस्ती करताना ते वाढवून घ्यायला हवे होते, ते आणखी कमी झालेत. बर्फ तेवढाच होता. चिन्ह बदललं की रेघ सरळ होईल.”

शब्द एकामागून एक आले, कुठेही न अडखळता. सहा महिने ते तिच्या तोंडात होते.

“अगदी बरोबर,” परीक्षक म्हणाला. मिशीखालून तो हसला. “तुम्ही उन्हाळ्यात कुठे होता?”

“चीजच्या कारखान्यात. दुधाचं फॅट लावत होते.”

त्याला आधी तो विनोद वाटला. मग त्यानं खिशातून कार्ड काढलं. “माझ्याकडे हवेतल्या कणांवर काम चालतं. येत्या जूनमध्ये एक जागा आहे. मला लिहा. अर्जबिर्ज नंतर बघू.” तेयोकडे वळून तो म्हणाला, “चिन्हाची चूक सगळ्यांची होते. मांडणी चांगली आहे.” आणि तो पुढच्या फळ्याकडे गेला.

सरांनी नेलियाचे दोन्ही खांदे धरले. 

तेयो पोस्टरकडे तोंड करून उभा होता. दुपारभर जे कुणी आलं त्याला तो स्वतःच सांगत राहिला की इथे चूक आहे, चिन्ह उलटं आहे, हा उंचवटा खरा नाही. पाच वाजता त्यानं टाचण्या काढल्या, मोजून डबीत भरल्या आणि पोस्टर एकट्यानंच गुंडाळलं.

परतताना सर मधे बसले. नेलिया खिडकीशी. पोस्टरची नळी मागे, उघड्या हौद्यात पडली होती आणि वळणावर इकडून तिकडे घरंगळत होती.

“मी म्हणत होतो की नाही?” सर म्हणाले. “हिच्यात काहीतरी आहे, हे मी पहिल्या पेपरला ओळखलं होतं. जे होतं ते बऱ्यासाठी होतं. आणि पाहिलंस तेयो, किती चटकन? त्यानं विचारलं आणि हिनं एका क्षणात...”

“एका क्षणात नाही, सर,” तेयो म्हणाला. तो रस्त्याकडेच बघत होता. “मंगळवारपासून.”

“काय मंगळवारपासून?”

तेयोनं गिअर बदलला. सर पुन्हा कार्डाबद्दल बोलायला लागले. दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा होत्या. पीक उतरून गेलेलं, झाडं धुळीनं राखाडी. नेलियानं काच खाली केली, परत वर केली.

गोठ्याच्या फाटकापाशी वडील नळी घेऊन हौद धूत होते. बोअर नवीन मारली होती, तिचं पाणी अजून गढूळ यायचं.

“काय रे पोरा, कसं झालं?” त्यांनी तेयोला विचारलं.

तेयो ट्रकमधून उतरला; पलीकडच्या दारानं नेलिया उतरली, तिच्यामागून सर. “छान झालं, काका,” तो म्हणाला. “नेलियाला विद्यापीठातल्या माणसानं बोलावलंय. सगळ्यांसमोर.”

वडिलांनी नळी खाली टाकली आणि ओला हात पँटला पुसून तिच्या डोक्यावर ठेवला.  मग ते म्हणाले, “चला आत. जेवून जा सगळे. रस्सा तयार आहे, पाव तयार आहे.”

“आज नको, काका.”

“नको काय? कधी नको म्हणालायस तू?”

“सरांना सोडायचंय,” तेयो म्हणाला. त्यानं वडिलांशी हात मिळवला, सरांना चढायला मदत केली आणि ट्रक वळवला. फाटकातून बाहेर पडताना नेहमीसारखा हॉर्न वाजवला नाही, एवढंच.

रविवारी सकाळी नेलियानं त्या परीक्षकाला पत्र लिहिलं. ते अर्ध्या तासात झालं. तिनं ते एकदा वाचलं आणि पाठवलं. मग ती तेयोला लिहायला बसली. ‘मंगळवारी मी’ इतकं लिहून झालं. आई दोनदा डोकावून गेली. बाहेर कुणीतरी गायींना पाण्याकडे हाकत होतं. दुपारी दूध काढायची वेळ झाली तेव्हा पडद्यावर तेच दोन शब्द होते, आणि ती बूट घालायला उठली.